मलिक अंबरची रसद आणि आपली मतदारयादी

राज्यात पुन्हा निवडणुकीचे वारे वाहू लागले आहे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांच्या वर्षानुवर्षे रखडलेल्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत पूर्ण करा, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, इथे तर एप्रिल २०२० पासून वर्षानुवर्षे महापालिकेवर प्रशासक होता. तेव्हा चौथीत असलेली मुले २०२५ मध्ये दहावीत पोहोचली, पण आपला नगरसेवक कोण, हे त्यांना माहीतच नव्हते.

साहजिकच मोहल्ल्यामोहल्ल्यांत हालचाल सुरू झाली आहे. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर, चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात विषय एकच. आणि त्या गप्पांमधले शब्द बघा. मैदानात उतरणार, टक्कर देणार, आरपार होणार, यावेळी दाखवून देणार. सगळे शब्द लढाईचे!

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. कोणत्याही पक्षाची नाही आणि कुणाच्या सभेलाही जात नाही. पण राजकारणाला लढाईच म्हणायचे असेल, तर मग लढाई नेमकी कशी लढतात, हे एकदा नीट बघायला काय हरकत आहे? आपल्या नेत्यांनी लढाईचा आवाज उचलला आहे, लढाईचा हिशोब मात्र उचललेला नाही, असे मला वाटते. हा हिशोब शिकायला फार लांब जायची गरज नाही. खुलताबादपर्यंत गेले तरी पुरे.

काही दिवसांपूर्वी वर्गात खुलताबादच्या सहलीचा विषय निघाला. मुलांनी पहिला प्रश्न विचारला, "टीचर, औरंगजेबाची कबर बघायला देतील का?" मार्च २०२५ मध्ये त्या कबरीवरून राज्यभर जो गदारोळ झाला, तो मुलांनी मोबाइलवर पाहिला होता. पण त्याच खुलताबादला आणखी एक माणूस झोपलेला आहे. त्याने आयुष्याची पंचवीस वर्षे मोगलांना दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. त्याच्याबद्दल एकाही मुलाने विचारले नाही. तो माणूस म्हणजे मलिक अंबर.

गुलाम ते वजीर

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमाराचा, हबसाण म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला पोहोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेझखानही मूळचा हबशी गुलामच. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला, काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिला आणि मग पुन्हा निजामशाहीत आला.

१६०० साली चांदबीबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. कागदावर निजामशाही संपली होती. अशा वेळी अंबरने राजघराण्यातल्या एका वारसाला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले आणि बुडालेले राज्य पुन्हा उभे केले. समोर होता अकबर, आणि पुढे जहांगीर. त्या काळातल्या सर्वांत श्रीमंत बादशाह्यांपैकी एक. अंबरकडे सुरुवातीला मोजकेच स्वार होते.

तरीही १६१० मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला परत मिळवला. त्याच सुमारास खडकी गावी नवे शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद. १६२६ मध्ये तो वारला, तेव्हा वय ऐंशीच्या घरात होते आणि राज्य उभे होते. त्याने हे कसे केले, ते चार मुद्द्यांत बघू. तीन त्याच्या यशाचे आहेत आणि एक अपयशाचा.

मैदान आपण निवडायचे

मोगलांची फौज प्रचंड होती. तोफा, हत्ती, तंबू, बाजारबुणगे, अख्खे शहरच सोबत चालायचे. सपाट मैदानात अशा फौजेपुढे उभे राहणे म्हणजे आत्मघात. अंबरला हे समजले होते. त्यामुळे तो बहुतेक वेळा मैदानात उभाच राहिला नाही. हलके घोडे, थोडे सामान, डोंगर, घाट आणि रात्र यांचा त्याने वापर केला. शत्रूची रसद तोडायची, चारा जाळायचा, पिछाडीवर छापा घालून निघून जायचे. यालाच आपण गनिमी कावा म्हणतो.

आता उलटी बाजूही बघा. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव इथे त्याने मोगलांशी समोरासमोर लढाई घेतली. त्याआधी त्याचे काही सरदार फुटून शत्रूला मिळाले होते. अंबर हरला, आणि मोगलांनी त्याची खडकी जाळून टाकली. पण तो संपला नाही. पुढच्याच वर्षी शहजादा खुर्रम आला, तेव्हा अंबरने मुलूख आणि किल्ला परत देऊन तह केला. त्या दिवशी दख्खनमध्ये त्याला कुणी बुजदिल म्हटले असेलही. तीन वर्षांनी, १६२० मध्ये, हाच माणूस मोगलांच्या मुलखात थेट बऱ्हाणपूरपर्यंत धडकला.

आपल्याकडे माघार म्हणजे बेइज्जती, अशी समजूत होऊन बसली आहे. एका प्रभागात आपले पाच-पाच उमेदवार उभे राहतात. प्रत्येकाला ठाऊक असते की आपण निवडून येत नाही. पण अर्ज मागे घेतला तर मोहल्ल्यात नाक कापले जाईल, ही भीती. २०२४ च्या विधानसभेत औरंगाबाद पूर्वची जागा २,१६१ मतांच्या फरकाने ठरली. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या क्रमांकाच्या उमेदवारांची मते एकत्र केली तर ती या फरकापेक्षा कितीतरी जास्त होती. लोकशाहीत उभे राहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, त्यामुळे मी कुणालाही दोष देत नाही. माझा प्रश्न एवढाच, की अर्ज भरण्याआधी कुणी पाटी-पेन्सिल घेऊन बसले होते का?

यंदा तर मैदानच बदलले आहे, आणि ते अजून पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही. २०१५ साली औरंगाबादेत एका वॉर्डाचा एक नगरसेवक होता. आता मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत चार सदस्यांचा प्रभाग असणार. म्हणजे एकेका मतदाराने साधारण चार मते द्यायची. प्रभागाचा आकारही मोठा होणार. त्यात आपला मोहल्ला येईल, शेजारची दलित वस्ती येईल, पलीकडची नोकरदारांची कॉलनी येईल. पूर्वी जो उमेदवार फक्त आपल्या गल्लीच्या जोरावर निवडून यायचा, तो आता येईलच असे नाही. चौघांचे पॅनल लागेल. त्यात महिला, ओबीसी, अनुसूचित जाती यांच्या राखीव जागा असतील. जो नेता जुन्या वॉर्डाच्या हिशोबाने भाषणे ठोकत फिरतो आहे, तो दुसऱ्याने आखलेल्या मैदानात उभा आहे.

सोबत कोण होते

मलिक अंबरचे सैन्य म्हणजे हबशांचे सैन्य, असा काहींचा समज असतो. तसे नव्हते. त्याच्या फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मराठे तर मोठ्या संख्येने होते. या डोंगरदऱ्यांची वाट न् वाट मराठ्यांना माहीत होती. त्यांच्याशिवाय गनिमी कावा शक्यच नव्हता.

१६२४ ची भातवडीची लढाई बघा. अहमदनगरजवळचे हे गाव. एका बाजूला मोगल आणि विजापूरची आदिलशाही, दोन्ही फौजा एकत्र आलेल्या. दुसऱ्या बाजूला मलिक अंबर, आणि त्याच्यासोबत शहाजीराजे भोसले. शहाजीराजांचे धाकटे भाऊ शरीफजी याच लढाईत कामी आले. या भावांची शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यावरून ठेवली, असे सांगितले जाते. लढाईच्या आधी अंबरने तिथल्या तलावाचा बांध फोडला. पावसात आधीच ओली झालेली जमीन पार चिखलाची झाली, शत्रूच्या तोफा आणि सामान अडकून पडले. मग रात्रीचे छापे सुरू झाले. उपाशी, चिखलात रुतलेली फौज शेवटी मोडली.

ही गोष्ट मी वर्गात सांगते, तेव्हा मुले थोडी चकित होतात. त्यांच्या मोबाइलवर रोज जे येते, त्यात मुसलमान आणि मराठे कायम समोरासमोर असतात. इथे तर दोघे एकाच बाजूला! आणि समोरही मुसलमान बादशहाच. याचा अर्थ त्या काळी सगळे प्रेमाने नांदत होते, असे मी म्हणणार नाही. सरदार वतनासाठी आणि मानासाठी लढायचे, फुटायचेही. पण ज्याचे हित आपल्या हिताशी जुळते, त्याला सोबत घेण्याची हिकमत अंबरकडे होती, आणि समोरच्याला त्याचा योग्य वाटा द्यायची तयारीही होती.

आजच्या कयादतीचे इथे दोन प्रकार दिसतात. एक म्हणतो, आपली एकजूट झाली की बस, दुसऱ्यांची गरज नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आपण साडेअकरा टक्के आहोत. एवढ्या संख्येवर एकट्याने काय होते, ते हिशोब येणाऱ्याला सांगायला नको. दुसरा प्रकार म्हणजे कुठल्या तरी मोठ्या पक्षाच्या मागे निमूट चालणारे. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा जिंकल्या. त्यात आपल्या समाजाच्या मतांचा वाटा मोठा होता, हे सगळ्यांनीच मान्य केले. पण आघाडीने त्या ४८ जागांवर एकही मुस्लिम उमेदवार दिला नव्हता. पहिला प्रकार सोबतीच मिळवत नाही आणि दुसरा आपला वाटाच मागत नाही. अंबरने शहाजीराजांना सोबत घेतले ते असे नव्हे.

त्याच निवडणुकीतला धुळ्याचा निकाल आठवा. काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत त्या मागे होत्या, एकट्या मालेगाव मध्यमधून त्यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी मिळाली. आपल्याकडे याचा केवढा जल्लोष झाला! रील्स फिरल्या, "बघा आमची ताकद" असे संदेश फिरले. तो आवाज समोरच्यांनीही ऐकला. सहा महिन्यांत विधानसभेच्या प्रचारात "व्होट जिहाद" आणि "बटेंगे तो कटेंगे" हे शब्द गावोगाव पोहोचले, आणि महायुतीने २८८ पैकी २३० च्या आसपास जागा जिंकल्या. निकालाला इतरही कारणे होती, लाडकी बहीण योजना होती, मित्रपक्षांतली भांडणे होती. पण जिंकल्यावर शांत राहणे हाही डावपेचाचाच भाग असतो, हे आपण विसरलो. एकदा वापरलेला डाव शत्रूला कळतो. दुसऱ्या वेळी तो तयारीने येतो.

रसद म्हणजे मतदारयादी

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अंबर पंचवीस वर्षे लढत राहिला, त्यासाठी पैसा आणि दाणागोटा कुठून आला? रोज लूट करून राज्य चालत नाही. त्याने निजामशाहीतल्या जमिनीची पाहणी करून प्रतवारी लावली. चांगली जमीन, हलकी जमीन, त्याप्रमाणे सारा ठरवला. महसूल गोळा करायचा मक्ता देण्याची पद्धत बंद केली. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना त्यांच्या जागी ठेवले. शेतकऱ्याला आपण किती देणे लागतो हे आधीच कळले, म्हणून तो गाव सोडून पळाला नाही. खडकीला पाणी नव्हते, तर अंबरने जमिनीखालून नहर आणली. चारशे वर्षांपूर्वीची ती नहर-ए-अंबरी अजूनही लोक दाखवतात. त्याच शहरात आज नळाला कित्येक दिवसांतून एकदा पाणी येते.

तलवार दिसते, त्यामागची ही तयारी दिसत नाही. निवडणुकीत ही तयारी म्हणजे काय? माझ्या मते मतदारयादी आणि मतदान केंद्र.

मी काही वर्षे बीएलओचे काम केले आहे. शाळा सुटली की यादीचा गठ्ठा घेऊन घरोघर फिरायचे. बाई असल्यामुळे घरात आतपर्यंत जाता यायचे, भाभी, खाला, आपा सगळ्या बोलायच्या. तिथे जे पाहिले, ते सांगते. आधारवर "शहनाज बी", रेशन कार्डवर "शहनाज बेगम" आणि मतदारयादीत तिसरेच काही. लग्न होऊन चार वर्षे झालेल्या सुनेचे नाव अजून माहेरच्या यादीत. अठरा पूर्ण झालेल्या मुलाचे नाव कुठेच नाही, कारण "बघू, निवडणूक आली की करू." भाड्याने राहणारी कुटुंबे तर दरवर्षी गल्ली बदलतात आणि नाव जुन्या पत्त्यावरच राहते. वारलेल्या आजोबांचे नाव काढायला कुणी जात नाही, आणि मग कुणीतरी हरकत घेतली की अख्ख्या घराकडे संशयाने बघतात.

एका घरातली मुलगी तेव्हा बारावीत होती. तिने माझ्याकडून कोरे फॉर्म मागून घेतले आणि पंधरा दिवसांत आपल्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचे फॉर्म भरून दिले. त्या गल्लीत तोपर्यंत कित्येक सभा झाल्या असतील, पण असले काम एकाही सभेने केले नव्हते.

या वेळी तर हा मुद्दा आणखी गंभीर आहे. स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादीच प्रभागवार फोडायची ठरली. म्हणजे त्यानंतर नवीन नाव घातले तरी या निवडणुकीला उपयोग नाही. मात्र प्रभागाच्या प्रारूप याद्या लागतील, तेव्हा आपले नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेले आहे का, हे बघता येते आणि हरकत घेता येते. त्यासाठी मोजकेच दिवस मिळतात. ते दिवस आपण भाषणांत घालवणार की यादी वाचण्यात?

आणि पुढचेही बघायला हवे. बिहारमध्ये मतदारयाद्यांची सखोल फेरतपासणी झाली. १ ऑगस्ट २०२५ ला प्रारूप यादी आली, तेव्हा सुमारे ६५ लाख नावे त्यात नव्हती. ती सगळ्या समाजांची होती. वारलेले, स्थलांतरित, दोनदा नोंदलेले अशी कारणे आयोगाने दिली. वाद न्यायालयात गेला, आणि वगळलेली नावे कारणांसह जाहीर करा, असे न्यायालयाला सांगावे लागले. त्यानंतर ही मोहीम आणखी बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत जाहीर झाली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आज ना उद्या आपलीही पाळी येईल. तेव्हा ज्याचे कागद नीट, त्याला घाबरायचे कारण उरणार नाही. फॉर्म ६ नवीन नावासाठी, फॉर्म ८ दुरुस्ती आणि पत्ता बदलण्यासाठी, फॉर्म ७ नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी. प्रत्येक मशिदीच्या जमातीने, प्रत्येक बचत गटाने एवढे तीन आकडे पाठ करून घेतले तरी खूप झाले.

मतदान केंद्रावरचीही एक गोष्ट सांगते. निवडणुकीच्या ड्युटीवर असताना एकदा संध्याकाळी पाहिले, की सकाळी जोरात आलेले दोन उमेदवारांचे पोलिंग एजंट जागेवर नाहीत. विजय नक्की झाला असे बाहेर कुणी सांगितले, म्हणून निघून गेले होते. शेवटी किती मते पडली याचा हिशोब, विधानसभेला त्याला १७-सी म्हणतात, घ्यायला त्यांच्यापैकी कुणीच नव्हते. मला उहुदची टेकडी आठवली. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी तिथे पन्नास तिरंदाज उभे केले होते. जिंकलो किंवा हरलो तरी जागा सोडू नका, अशी ताकीद होती. विजय झाला असे समजून त्यातले बहुतेक खाली उतरले, आणि मागून घोडेस्वार आले. ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी मदरशात ऐकली आहे.

अंबरनंतर कोण?

आता अंबरच्या अपयशाकडे येऊ. तो १६२६ ला वारला. त्याचा मुलगा फतेहखान वजीर झाला. दरबारात संशय आणि भांडणे सुरू झाली. १६२९ मध्ये खुद्द निजामशहाच्या हुकमाने लखुजी जाधवरावांना मुलांसह दौलताबादच्या दरबारात ठार मारण्यात आले. लखुजी म्हणजे शहाजीराजांचे सासरे, जिजाऊसाहेबांचे वडील. अंबरने आयुष्यभर जपलेला मराठ्यांचा विश्वास एका दिवसात तुटला. पुढे फतेहखानाने निजामशहालाच मारले, एका लहान मुलाला गादीवर बसवले आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. शहाजीराजांनी आणखी तीन वर्षे धडपड केली, पण १६३६ मध्ये निजामशाही कायमची बुडाली.

जे राज्य अंबरने सव्वीस वर्षे सांभाळले, ते त्याच्यानंतर दहा वर्षांत संपले. कारण सगळे एका माणसावर उभे होते. पाण्याची नहर त्याने अशी बांधली की ती शतकानुशतके चालली. पण आपल्यानंतर कारभार कोण आणि कसा चालवेल, याची व्यवस्था उभी राहिली नाही. मुलगा होता, म्हणून मुलगा आला.

इथे आपल्या समाजाने स्वतःकडे बघायला हवे. आपल्याकडे नेता म्हणजे एक चेहरा. तो आजारी पडला, पक्ष बदलला किंवा हरला, की कार्यालयाचे शटर खाली. त्याच्या हाताखाली तयार झालेली चार माणसे कुठे आहेत? मालेगाव मध्यमध्ये २०२४ ला अवघ्या १६२ मतांनी निकाल लागला. राज्यातला सर्वांत कमी फरक होता तो. पहिले दोन्ही उमेदवार आपलेच. म्हणजे लढायची ताकद, कार्यकर्ते, पैसा, जिद्द सगळे आहे. मात्र जिथे आपापसात लढायचे असते, तिथे ते सर्वांत जास्त बाहेर पडते. विधानसभेच्या २८८ जागांत आपले आमदार २०१९ ला दहा होते आणि २०२४ लाही दहाच आहेत.

महिलांचा मुद्दा तर मला फार जवळचा. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. किती मोहल्ल्यांत नगरसेविका निवडून येते आणि फोन मात्र तिचे मिस्टर उचलतात! सभागृहात ती गप्प आणि बाहेर साहेब. माझ्या वर्गातल्या किती तरी मुली घडाघडा बोलतात, हिशोबात पक्क्या आहेत. त्या पंधरा वर्षांनी नगरसेविका होऊ शकतील. पण त्यांना आतापासून अर्थसंकल्प वाचायला कोण शिकवणार? निम्मी फौज घरात ठेवून कुणी लढाई जिंकली आहे का?

शेवटी एक सावधगिरी

लढाईच्या गोष्टी सांगून झाल्या, पण शेवटी एक फरक सांगितलाच पाहिजे. राजकारण हे युद्ध नाही. युद्धात समोरचा शत्रू असतो. निवडणुकीत समोरच्याला मत देणारा हा आपला शेजारी असतो, दुकानाचा गिऱ्हाईक असतो, मुलाच्या वर्गमित्राचा बाप असतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत त्याच नळाला रांगेत उभे राहायचे असते. म्हणून युद्धातून आपण तयारी घ्यावी, शिस्त घ्यावी, माघारीतला शहाणपणा घ्यावा, वैर मात्र घेऊ नये. चिथावणारी भाषा वापरणारा नेता, तो आपला असो की त्यांचा, त्याने स्वतः लढाई लढलेली नसते. त्याची किंमत गल्लीतली पोरे भरतात. पोलीस केस त्यांच्यावर होते, शाळा त्यांची सुटते. मी अशी पोरे पाहिली आहेत.

जहांगीर बादशहाने एक चित्र काढून घेतले होते. त्यात तो पृथ्वीच्या गोलावर उभा राहून मलिक अंबरच्या कापलेल्या मस्तकावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात जहांगीरला अंबर कधीच सापडला नाही. मैदानात जे जमले नाही, ते चित्रात करून घेतले. आजच्या रील्स आणि स्टेटस बघितले की मला ते चित्र आठवते. पाठीमागे गाणे, हातात माइक, खाली शंभर लाइक. पण यादीत नाव नाही आणि केंद्रावर एजंट नाही.

तेव्हा या निवडणुकीत तुमच्या दारी जो कुणी मत मागायला येईल, त्याला चहा जरूर द्या, आणि चार प्रश्न विचारा. या प्रभागात मतदार किती आणि आपल्या गल्लीतली किती नावे चुकलेली आहेत? तुमच्या पॅनलमधले बाकीचे तिघे कोण आणि त्यांच्याशी कशावर ठरले आहे? पाण्याचे आणि शाळेचे काय करणार, ते कोणत्या पैशातून? आणि उद्या तुम्ही नसाल, तर हे काम कोण करेल? पहिले तीन प्रश्न त्यांच्यासाठी आहेत. चौथा आपल्या सगळ्यांसाठी आहे.

पुढच्या महिन्यात आमची सहल जाईल, इन्शाअल्लाह. यावेळी मुलांना आधी मलिक अंबरच्या कबरीवर नेणार आहे, मग परतताना नहर दाखवणार आहे. दोन्ही एकाच दिवशी बघायला हव्यात.